झिजलंय कुठं ते बघा

खरातकाकांसमोर एखाद्या वस्तूला 'असंच काहीतरी आहे' म्हणायची सोय नव्हती. म्हटलंत की अडकलात. ते असतील तिथे थांबणार, कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार, वस्तू तुमच्या हातातून काढून घेणार आणि विचारणार, "असंच म्हणजे कसं? कुणीतरी घाम गाळून केलंय हे. उगाच कोण करंल?" मग तुमचं दूध उतू जावो की पाहुणे दारात ताटकळोत, त्या वस्तूचा निकाल लागेपर्यंत तुमची सुटका नाही.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे. सगळी नोकरी जकात नाक्यावर झालेली. मुंबईत ट्रकमधून येणाऱ्या मालावर महापालिका जकात घ्यायची, त्या काळातली ही नोकरी. कुठल्या मालावर किती जकात हे तो माल कशाचा आणि कशासाठी यावर ठरायचं. त्यामुळे तरणेपणापासून काकांनी दोनच प्रश्न विचारले होते: ह्यात काय आहे आणि ते कशासाठी आहे. तक्त्यात सगळ्यांत शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना असे. काकांच्या मते तो आळशी माणसांसाठी होता. पुढे जकात बंद झाली, नाका ओस पडला, काका निवृत्त झाले, पण प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत.

आम्ही या सोसायटीत राहायला आलो तेव्हा टेम्पोतून सामान उतरत होतं आणि जिन्याच्या तोंडाशी बनियन-लेंग्यातले एक गृहस्थ उभे होते. प्रत्येक खोक्याला हात लावून विचारत होते, "ह्यात काय?" मला वाटलं सोसायटीचा काही नियम असेल. मी मुकाट्याने सांगत गेले: भांडी, पुस्तकं, पडदे. एका खोक्याला मी "किरकोळ" म्हणाले, तर त्यांनी हमालाला ते खाली ठेवायला लावलं. आतून त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा, आवाज आला, "अहो, नाका बंद झाला, जाऊ द्या तिला वर." मग ते हसले, स्वतःच ते खोकं उचलून आमच्या दारापर्यंत आणून ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, "उघडलं की सांगा."

त्या खोक्यात माझ्या माहेरची, पार्ल्याची, अडगळ होती. तिच्यात एक लाकडी वस्तू होती, अळंबीसारखी: वर गुळगुळीत गोल टोपी, खाली बुटका दांडा. आमच्याकडे ती पेपरवेट म्हणूनच वावरत आलेली. काकांनी ती घेतली. त्यांची पद्धत ठरलेली असे. आधी वास घ्यायचे. तेल, चिंच, तंबाखू, काय येईल ते. मग डोळे मिटून अंगठा फिरवायचे आणि मग डोळे उघडून म्हणायचे, "झिजलंय कुठं ते बघा." ती टोपी त्यांनी खिडकीपाशी तिरकी धरली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, तिच्यावर केसाएवढे बारीक ओरखडे होते, शेकड्यांनी. "सुई," काका म्हणाले. "ह्याच्यावर कापड ताणून कुणीतरी शिवत होतं. कापड गोलावर ताणायचं म्हणजे टाच. म्हणजे मोजा." मी मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, अगं हो, आजोबांचे लोकरीचे मोजे आजी त्याच्यावर रफू करायची, तुला कोण बोललं? माझ्याच आजीची गोष्ट मला तळमजल्यावरच्या अनोळखी माणसाकडून कळली. तेव्हापासून त्यांनी माझं नाव पार्लेकरीण ठेवलं.

आता यावरून कुणाला वाटेल की काका म्हणजे भलतेच ज्ञानी होते. तसं मुळीच नाही. निम्म्या वेळा ते साफ चुकायचे. पण चुकतानासुद्धा त्यांच्या आवाजाला जरासुद्धा कंप नसे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या चुका त्यांच्या बरोबर उत्तरांपेक्षा ऐकायला जास्त मजा यायची.

सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागले, तेव्हा तर काकांना सुगीच आली. कुणाला काय फेकावं कळेना. काकांनी जाहीर केलं की दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसायचं. ज्याला जी वस्तू नको असेल ती त्याने आणायची, आणि जो तिचा उपयोग ओळखेल त्याने ती घरी न्यायची. मालक अर्थातच बाद, आणि काका स्वतः पंच. पंचाने उत्तर द्यायचं नसतं, पण हा पंच सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा.

पहिल्याच रविवारी सावंतवहिनींच्या घरून एक धूड आलं. सावंत मालवणकडचे, वहिनींच्या नवऱ्याचे, भाऊंचे, वडील गिरणीत होते. चांगलं जाड लाकूड, तीन पाय, मध्ये एक भोक आणि वरून दाबायला लांब दांडा. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, वास घेतला, दांडा वरखाली केला आणि निकाल दिला: पुस्तकबांधणीचा शिकंजा. एवढ्यावर थांबले असते तर ते खरात कसले? ते म्हणाले, गिरणीतल्या बाइंडरकडे हा असायचा, कागदाचे गठ्ठे इथे ठेवायचे, इथून सरस लावायचा, या भोकातून जादा सरस खाली गळायचा. आम्ही माना डोलावत होतो. सेक्रेटरी पाटणकर तर फोटो काढून घेत होते. वहिनी मात्र पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"ओ काका, शिरवाळ्यांचो साचो तो," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूचो. पुस्तकां कसली बांधतास?"

तांदळाच्या उकडीचा गोळा त्या भोकात घालून दांडा दाबला की खालून शेवया पडतात, त्या नारळाच्या गोड रसात बुडवून खातात, हे आम्हाला पुढच्या रविवारी प्रत्यक्ष खाऊन कळलं. काका दांडा दाबायला होते. दोन वाट्या शिरवाळ्या संपवून ते म्हणाले की शिकंजा हे त्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबरच होतं, दाबायचं काय एवढाच फरक. काकू म्हणाल्या, "घ्या अजून एक वाटी पुस्तक."

दुसऱ्या मजल्यावरची तन्वी इंजिनिअरिंगला होती. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी काकांची गंमत करायचं ठरवलं. कॉलेजच्या यंत्रावर प्लॅस्टिकची एक वस्तू काढून आणली, जिला कसलाच उपयोग नव्हता. दोन शिंगं, एक स्प्रिंग, एक चाक, चाक फिरलं की काही होत नाही. राखाडी रंग मारून, माती चोळून तिला जुनी केली. काका तिच्यापुढे तासन्‌तास बसले. जेवायला बोलावलं तर उठेनात. मुली गच्चीच्या जिन्यावर खिदळत होत्या. मला काकांचं वाईट वाटायला लागलं. संध्याकाळी काका स्वतःच जिना चढून तन्वीच्या दारात गेले, वस्तू तिच्या हातात दिली आणि गंभीरपणे म्हणाले, "कुठंच झिजलेलं नाही, म्हणजे कुणी वापरलेलं नाही. हे मला फसवायला केलंय. म्हणजे त्याला उपयोग आहे. 'इतर' नाही लिहिणार मी." तन्वी त्यांच्या पायाच पडली. नंतर तिने कबूल केलं की तिच्या प्रोफेसरांनी तिला इतकं मनापासून कधी तपासलं नव्हतं.

असे रविवार चालले. पाटणकरांचा पितळी पानपुडा कुणाकडे गेला, कुणाचा सुपारीचा अडकित्ता माझ्याकडे आला. पार्किंगमधलं टेबल रिकामं होत गेलं. आणि मग एका रविवारी काकांनी स्वतःच्या घरून एक वस्तू आणून ठेवली.

लाकडाचा वाडगा म्हणावा तर वाडगा. मोठ्या वाटीएवढा, काळसर, बाभळीचा. तळाला तीन भोकं, मध्ये एक टेंगूळ. काठाला दोरी बांधायच्या खाचा. आतून इतका गुळगुळीत की बोट घसरावं. काका त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. खुर्ची मागे घेऊन बसले आणि आमच्याकडे बघत राहिले.

आम्ही सगळे तुटून पडलो. सावंतभाऊ म्हणाले उदबत्तीचं घर. वहिनी म्हणाल्या शंकराच्या पिंडीवर टांगतात ती गळती, भोकांतून थेंब थेंब पाणी पडायला. पाटणकरांना ती चाळणी वाटली. मी म्हणाले तीन वातींची दिवली, आणि लाकडाची दिवली जळून जाईल हे माझं मलाच नंतर सुचलं. आमची सोसायटी म्हणजे निम्मी कोकणातली आणि उरलेली पिढ्यान्‌पिढ्या मुंबईची. शेती म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे चिखलात वाकून भात लावणारी माणसंच येणार. काका ऐकत होते. प्रत्येक उत्तराला मान हलवायचे, नाही. कुणाला चिडवलं नाही, स्वतःचं काही जोडलं नाही. पुढच्या रविवारीही तेच झालं. त्यांची मुलगी प्रज्ञा नाशिकला असते. इमारत रिकामी झाली की ते दोघं तिच्याकडे जाणार होते. तिला फोनवर व्हिडिओत दाखवलं तर ती म्हणाली, "पप्पा, तो पेनस्टँड ना? घ्या बरोबर, माझ्या टेबलावर ठेवीन." काकांनी फोन काकूंकडे दिला.

मला राहवेना म्हणून मी काकूंच्या स्वयंपाकघरात गेले. खोकी भरता भरता काकूंनी सांगितलं. ते चाडं. काकांच्या गावी, जालन्याकडे, ज्वारी पेरताना तिफणीवर, म्हणजे तीन फाळांच्या पेरणीच्या अवजारावर, बांधतात. पुढे बैल, मागून बाई चालते आणि मुठीतून दाणे त्या वाडग्यात सोडत जाते. तीन भोकांतून तीन नळ्यांत, नळ्यांतून तीन तासांत, म्हणजे फाळांनी ओढलेल्या चरांत. दाणे एकसारखे पडले तर पीक एकसारखं, मूठ चुकली तर एके ठिकाणी गर्दी आणि एके ठिकाणी उघडी जमीन. काकांच्या आईची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. घरात जमिनीचा तुकडा नव्हता. पाणी प्यायला तिला ओंजळ धरावी लागे, वरून कुणीतरी ओतायचं, पण पेरणीला मूठ तिचीच हवी असे. पुढे गावात ट्रॅक्टर आला, तिफणी मोडीत गेल्या. तेव्हा तिने मजुरी नको म्हटलं आणि हे चाडं मागून आणलं. ते सांगताना काकूंचे हात थांबले नव्हते, खोक्यात पेपर कोंबत होत्या.

"सांगून टाका म्हणते मी त्यांना," काकू म्हणाल्या. "तर म्हणतात, सांगितल्यावर सगळेच माना डोलावतील. माझ्या माघारी हे पेनस्टँड व्हायच्या आत कुणाच्यातरी हाताला ते कळलं पाहिजे. नाहीतर म्हणे माझी आई 'इतर'मध्ये गेली."

त्यानंतर पार्किंगमध्ये मला फार जड गेलं. उत्तर ओठांवर आणि बोलायची बंदी. काकांनी एकदाच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जाहीर केलं, "पार्लेकरणीला कुणीतरी फोडलंय. ती बाद."

शेवटचा रविवार उजाडला. त्या दिवशीच काका-काकूंचा टेम्पो यायचा होता. प्रज्ञा न्यायला आली होती. टेबलावर फक्त चाडं उरलं होतं. सगळ्यांनी पुन्हा एकेकदा ते हातात घेतलं, पुन्हा वास घेतला, पुन्हा झीज शोधली. सावंतभाऊंनी तर आदल्या दिवशी त्यांच्या गावी फोन लावून विचारलं होतं, गावचे म्हणाले मासे ठेवायचं असेल. कुणालाच जमेना. एवढा बडबड्या माणूस खाली मान घालून बसला होता. मला तर सरळ रडूच येईलसं वाटलं.

काका उठले. "चला," म्हणाले, "दाखवतो."

सामान हलवताना इलेक्ट्रिशियनने टाकलेल्या पांढऱ्या नळ्या कोपऱ्यात पडल्या होत्या. त्यातल्या तीन काकांनी भोकांत बसवल्या. भाऊंच्या वडिलांचा वॉकर भंगारात निघाला होता, त्याच्यावर सुतळीने चाडं बांधलं आणि नळ्यांची टोकं खाली फरशीजवळ पसरून बांधली. वॉकरला दोरी लावून भाऊंना आणि पाटणकरांना पुढे जुंपलं. पाटणकर सेक्रेटरी असल्यामुळे त्यांनी उजवीकडचा बैल व्हायचा आग्रह धरला. काकूंनी डब्याच्या तळाशी उरलेली ज्वारी आणून दिली. आणि ज्या माणसाने आयुष्यभर आम्हाला आधी ओळखायला लावलं, त्याने त्या दिवशी आधी सगळं सांगितलं. चाडं म्हणजे काय, तिफण म्हणजे काय, आई कोण होती. पाण्याचंही सांगितलं. अगदी सरळ आवाजात, नाक्यावर माल नोंदवावा तसं. भाऊ आणि पाटणकर दोरी खांद्यावर घेऊन ऐकत होते.

मग काकांनी मूठ भरली आणि बैल निघाले. फरशीवर टपटप दाणे पडले. एके ठिकाणी ढीग, पुढे हातभर काहीच नाही, पुन्हा ढीग. काकांनी मागे वळून बघितलं आणि खजील हसले. "मी नाक्यावरचा माणूस," म्हणाले. तन्वीने करून बघितलं, तिची ज्वारी पाच पावलांत संपली. प्रज्ञाने ओढणी कमरेला खोचली, ती फार मन लावून करत होती, पण तिचीही ओळ सुरुवातीला बरी पडून पुढे तुटली. ती वडिलांकडे बघत म्हणाली, "पप्पा, मला येत नाही हो." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सावंतवहिनी उशिरा आल्या, भांडी उरकून. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि कुणीतरी त्यांच्या मुठीत ज्वारी दिली. वहिनी आमच्या गेटासमोर रोज सकाळी रांगोळी घालतात. ठिपक्यांची नव्हे, सलग रेघांची, हात न उचलता. बैल निघाले. वहिनींनी मूठ चाड्यावर धरली, अंगठा जरासा हलवला आणि चालायला लागल्या. फरशीवर दाणे पडल्याचा एकसारखा आवाज येत राहिला, खांबापासून गेटापर्यंत. बैल थांबले तेव्हा त्यांच्या मागे ज्वारीच्या तीन ओळी होत्या, सरळ, सारख्या, कुठेही न तुटलेल्या.

काका त्या ओळींच्या टोकाशी उभे होते.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्या आईच्या मागं अशाच पडायच्या."

वहिनी गोंधळल्या. "काका, माका ह्यातला काय एक कळत नाय. मी आपली रांगोळी घातल्यासारखी सोडलंय."

काकांनी प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाच म्हणाली, "द्या पप्पा." मग त्यांनी सुतळी सोडली, नळ्या काढल्या, चाडं सदऱ्याने पुसलं आणि दोन्ही हातांनी वहिनींपुढे धरलं. वहिनींनी ते पदरात घेतलं, कपाळाला लावलं, आणि मग दोघंही रडायला लागले. पाटणकरांच्या खांद्यावर अजून दोरी तशीच होती, तेही नाक पुसत होते. काकू तेवढ्या हसत होत्या. म्हणाल्या, "चला, सुटले एकदाचे."

टेम्पो गेटाबाहेर येऊन उभा राहिला. शेवटची पिशवी चढली, काकू आणि प्रज्ञा पुढे बसल्या. वॉचमन खराटा घेऊन आला, तर काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. नंतर कबुतरांनी ती ज्वारी टिपली असणार, पण तेव्हा ती तशीच होती. काकांना टेम्पोकडे जायचं तर त्या ओळी मध्ये आडव्या येत होत्या. त्यांनी पँट घोट्याच्या वर उचलून धरली आणि एकेक ओळ बघून, जपून पाऊल टाकत निघाले.

"अहो, फरशी आहे ती," काकू टेम्पोतून ओरडल्या.

काकांनी मान हलवली, माहीत आहे म्हणून. आणि पुढचं पाऊल दोन ओळींच्या मध्ये तिरकं करून ठेवलं.